निळ्या बकरीसाठी लोकर

धुळे
४ सप्टेंबर २०२४

लाडकुंवरभाभींना,
जय भीम.

मी द्रौपदा बैसाणे. जळगावात मेहरूणला राहायचे, बाजारामागच्या प्रसूतिगृहात नर्स होते आणि ड्यूटी सुटली की तुमच्या दुकानात लोकर बघत उभी राहायचे. तुम्ही मला सिस्टर म्हणायच्या. नोकरी संपल्यावर धुळ्याला आले, त्याला सात वर्षं झाली. एवढ्या दिवसांनी एकदम पत्र, म्हणून नवल वाटेल. माझे कान गेले आहेत. उजवा पूर्ण, डावा नावापुरता. फोनवर समोरचा काय बोलतो ते कळत नाही, म्हणून फोन बंद करून ठेवलाय. शिवाय काम रंगाचं आहे, आणि रंग फोनवर सांगता येत नाही.

माझी नात साक्षी आठ वर्षांची आहे. तिनं एक चित्र काढलं. जांभळं आभाळ, निळी बकरी, केशरी झाड, पिवळी जमीन, बकरीच्या गळ्यात तांबडा दोर. मी म्हटलं, बकरी कधी निळी असते का. ती म्हणाली, "ही आहे ना." हे चित्र स्वेटरवर विणून देईन असं मी तिला कबूल केलंय.

पाच रंग लागतील, पाचही साधे, एकरंगी. जांभळा जास्त, कारण आभाळ मोठं आहे. बाकीचे थोडे थोडे. धुळ्यात मिळत नाहीत. दुकानात गेलं की मल्टी लोकर पुढ्यात टाकतात, एकाच गुंड्यात चार रंग. त्यात चित्र होत नाही. बकरीच्या अंगावर आभाळ येतं.

सोबत चित्रातल्याच खडूंनी रंगवलेली कागदाची पट्टी पाठवते आहे. त्याच्या जवळपासचे रंग चालतील. पण निळा आणि जांभळा एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर बकरी आभाळात नाहीशी होईल. भारी लोकर मला परवडणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. साक्षी दिवाळीच्या सुट्टीत यायची आहे.

तुमची,
द्रौपदा बैसाणे


जळगाव
१५ सप्टेंबर २०२४

सिस्टर,
जय जिनेंद्र.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. तुम्ही लोकरीच्या मापाच्या चिठ्ठ्या लिहायच्या ना, टाके किती, ओळी किती, तेच अक्षर. दोनदा वाचलं पत्र. मननला पण दाखवलं. तो म्हणाला, मम्मी, आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, ज्याला काही सांगायचं असतं ते लिहितात.

कान गेले वाचून वाईट वाटलं. माझे गुडघे गेलेत. यांना जाऊन सहा वर्षं झाली, ते तुमच्या कानावर आलं असेलच. गौतमचंदजी होते तोवर लुधियानाचा माल दसऱ्याआधी दुकानात लागायचा. पन्नास-पन्नास रंग. तुम्ही एक एक गुंडा दारात उजेडाला धरून बघायच्या आणि मी म्हणायची, सिस्टर, लोकर घेताय की बाळ तपासताय.

आता खरं सांगते. साधा रंग कोणी घेत नाही. मल्टी घेतली की दोन सुया चालवायच्या, नक्षी आपोआप पडते. डोकं लावावं लागत नाही. विणणाऱ्या बायका पण किती राहिल्या. माझ्याकडे एकरंगीमध्ये पांढरा, काळा आणि बाळाचा गुलाबी, एवढंच आहे. व्यापारी म्हणतो, एकेका रंगाचं पूर्ण पाकीट घ्या. एवढी लोकर घेऊन तुम्ही सगळ्या धुळ्याला स्वेटर घालाल.

पण मी बघते. फैजपूरला आमच्या नात्यातल्यांचं दुकान आहे, त्यांच्याकडे जुना माल असेल. आत्ता घरात सापडले ते तीन धागे पाठवते, कागदाला बांधलेत. निळ्याचे दोन, केशरी एक. जुळतात का कळवा.

तुमचा सुयश काय म्हणतो? नोकरी धुळ्यातच ना? मुलगी बापावर गेली की आईवर?

तुमची,
लाडकुंवर


धुळे
२ ऑक्टोबर २०२४

लाडकुंवरभाभी,
जय भीम.

धागे मिळाले. निळ्यातला पहिला हिरव्याकडे झुकतो. दुसरा बरा आहे, पण उन्हात धरला की करडा दिसतो. केशरी नको. तो वीटकरी आहे. तुम्हाला त्रास देते आहे, कळतं मला.

मी इथं परत सगळीकडे फिरले. आठवडी बाजारात एक बाई लोकर घेऊन बसते, साक्रीकडची. तिच्या ओठांकडे बघून मला बोलणं कळतं. ती म्हणाली, "आक्का, साधा रंग आते कोनी लेत नही. बठ्ठा मल्टीच लेतस. तुमले काय करनं शे?" मी तिला बकरीचं सांगितलं. तिला हसू आलं. मग तिनं मला दोन मल्टीचे गुंडे कमी भावात दिले.

ते घरी आणून मी कात्रीनं कापले. हातभर निळा, मग हातभर पांढरा, मग गुलाबी, असा तो धागा होता. नुसता निळा वेगळा काढला आणि तुकड्याला तुकडा गाठला. चार दिवस लागले. बकरीचे दोन पाय विणून झाल्यावर उलटी बाजू पाहिली तर नुसत्या गाठी. आठ वर्षांच्या पोरीच्या पोटाला त्या टोचतील. उसवलं सगळं. आता ते तुकडे डब्यात पडले आहेत.

ऑनलाइन पण बघितलं. शेजारचे लोटनभाऊ त्यांच्या फोनवर बघून देतात. तिथं रंग सगळे आहेत, पण एक एक गुंडा देत नाहीत. पाच रंगांची पाच पाकिटं घेतली तर माझा महिना जाईल. मला पेन्शन नाही.

तुम्ही सुयशचं विचारलंत. साक्षी त्याच्यावरच गेली आहे. हट्टी आहे तशीच.

दिवाळीला एकोणतीस दिवस राहिलेत. रोज सहा तास विणलं तर माझ्या हातून होईल. लोकर पाहिजे फक्त.

तुमची,
द्रौपदा


जळगाव
१८ ऑक्टोबर २०२४

सिस्टर,
जय जिनेंद्र.

घ्या. पार्सलमध्ये चार रंग आहेत. जांभळा भरपूर, निळा, केशरी, तांबडा. गोदामात जुना माल सापडला. निळा आणि जांभळा शेजारी ठेवून दारात नेऊन बघितला, तुमच्यासारखाच. बकरी हरवणार नाही.

पिवळा मिळाला नाही. फैजपूरला होता तो हळदीसारखा, तुमच्या पट्टीवरचा लिंबासारखा आहे. तो शोधते.

याचे काही घेणार नाही, हे आधीच सांगते. मनिऑर्डर केलीत तर परत पाठवीन. जुना पडलेला माल आहे.

साक्षी आली की स्वेटर घालून तिचा फोटो काढा. लोटनभाऊंना सांगा, मननच्या नंबरवर पाठवायला. मला बघायचंय. दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. सुयशला आशीर्वाद सांगा.

तुमची,
लाडकुंवर


धुळे
१२ नोव्हेंबर २०२४

लाडकुंवरभाभी,
जय भीम.

लोकर मिळाली. उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

ही लोकर गोदामातली नाही. ती आधी विणलेली आहे. तुम्ही धुऊन, वजन टांगून वाळवलीत, तरी धाग्याला वळण राहिलंय. मी हातात घेतल्याबरोबर कळलं. जांभळ्यात तर माझीच गाठ निघाली, टाके घालताना मारतात ती. दुकानात दाराशी जे नमुन्याचे स्वेटर टांगलेले असायचे, त्यातला जांभळा मी विणून दिला होता. म्हणजे तुम्ही नमुने उसवलेत. का उसवलेत, भाभी? दुकानाला नमुने नकोत?

मी पण तुम्हाला सरळ लिहिलेलं नाही. आता लिहिते.

साक्षी दिवाळीला आली नाही.

सुयश गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्या दुसऱ्या लाटेत. नऊ दिवस दवाखान्यात होता. मी जन्मभर नर्स, पण मला आत सोडलं नाही. चौतीस वर्षांचा होता. त्याच्या बायकोचं नाव कामिनी. ती दोन वर्षं माझ्याजवळ राहिली. मग मीच तिला म्हटलं, लग्न कर, तुझं वय काय. ती नको म्हणत होती. मी स्थळ बघितलं, मी पुढं होऊन लावून दिलं. माणूस चांगला आहे, बायको वारलेली, एक लहान मुलगा आहे त्याला. नांदेडला असतात. मागच्या वर्षी जून महिन्यात साक्षी आईबरोबर गेली. चित्र तिनं जायच्या आदल्या दिवशी काढलेलं आहे. तेव्हापासून ती एकदाही आलेली नाही.

मे महिन्यात येणार होती. मग दिवाळी म्हणाले. आता नाताळची सुट्टी म्हणतात. लोटनभाऊंच्या फोनवर कामिनीचा मेसेज येतो. वाईट काही लिहीत नाही ती. "आई, या वेळी जमत नाही," एवढंच असतं.

सुयशचं तुम्ही विचारलंत, मग त्याला आशीर्वाद लिहिलात. दोन्ही वेळा लिहायला बसले होते. तो आहे असं समजून कोणीतरी विचारतंय, हे मला बरं वाटलं. म्हणून नाही लिहिलं. माफ करा.

स्वेटरची पाठ झाली आहे.

तुमची,
द्रौपदा


जळगाव
२५ नोव्हेंबर २०२४

सिस्टर,

मी त्याला आशीर्वाद सांगा म्हणून लिहिलं. तीन वर्षं झाली आणि मला माहीत नाही. जळगाव ते धुळे अडीच तासांचा रस्ता आहे. कोणी अमेरिकेत नव्हतं.

तुम्ही विचारलंत ते सांगते. दुकान बंद झालंय. दसऱ्यालाच. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा शटरला बोर्ड लागलेला होता, सगळा माल निम्म्या भावात काढला होता. साधे रंग तर आधीच संपले होते. मननचा साळा सुरतेला कापडात आहे, तो त्याच्याबरोबर धंदा करणार. दुकान आणि वरचं घर, दोन्हींचा सौदा झालाय. जानेवारीत आम्ही सुरतेला जातो. मला कोणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते?

नमुने उरले होते. गिऱ्हाईक घेईना, मनन म्हणाला, फेकून दे. मी वर आणून ठेवले होते. तुमची पट्टी आली तेव्हा वाटलं, चला, उपयोग झाला. खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुम्ही घेतली नसती.

आणखी एक लिहायचंय, ते अवघड आहे. हे स्वेटर वरच्या घरात बसून उसवत होते. खिडकीतून खाली दुकानाची पायरी दिसते, जिथं तुम्ही उभ्या राहायच्या. तेव्हा डोक्यात आलं की बावीस वर्षं तुम्ही येत होत्या. मला दोन रंगांचं विणणं तुम्ही शिकवलंत, मननच्या वेळी माझे हाल झाले तेव्हा तुम्ही रात्रभर पाशी होत्या. आणि मी तुम्हाला एकदाही वर बोलावलं नाही. सासूबाई गेल्यावर पण नाही. त्या होत्या तोवर त्यांचं नाव पुढं करता येत होतं. नंतरची दहा वर्षं माझी आहेत.

आता घर आहे तोवर एकदा या. १५ जानेवारीपर्यंत कधीही. वर या, जेवायला.

पिवळा पाठवते आहे. हा नमुना नाही. यांचा मफलर होता.

लाडकुंवर


धुळे
१८ डिसेंबर २०२४

लाडकुंवरभाभी,
जय भीम.

पिवळा बरोबर आहे. मफलर उसवायला नको होता. पण उसवलात, तेव्हा वापरला. जमीन झाली.

तुम्ही लिहिलंत म्हणून मी पण लिहिते. मला माहीत होतं. पहिल्या वर्षी, मे महिन्यात मी तुमच्या दुकानात पाणी मागितलं होतं. तुमच्या सासूबाई गल्ल्यावर होत्या. तुमच्या पाठीमागे माठ होता. त्यांनी समोरच्या टपरीवरून ग्लास आणवला. मी पाणी प्याले. पुढच्या वेळेपासून घरून बाटली न्यायला लागले. बावीस वर्षं ती बाटली माझ्या पिशवीत होती, तुम्ही पाहिली आहे.

राग नव्हता असं नाही लिहीत. होता. तरी येत राहिले, कारण जळगावात तेवढे रंग दुसरीकडे नव्हते. आणि तुम्ही उजेडात बघू द्यायच्या. बाकीचे दुकानदार गुंडा हातातून काढून घ्यायचे.

जळगावला यायला जमणार नाही. कान गेल्यापासून एकटीनं एसटीत बसायची भीती वाटते. गाडी कुठली लागली, कंडक्टर काय म्हणाला, काही कळत नाही. मागच्या वर्षी मी नांदेडला जायला निघाले होते. चाळीसगावला चुकीच्या गाडीत बसले. तीन तासांनी कळलं. एका पोलिसानं परतीच्या गाडीत बसवून दिलं. त्यानंतर गेले नाही.

इथं थंडी फार पडली आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, दुपारी उन्हात बसून विणते. पुढची बाजू झाली. बकरी चांगली दिसते. बाह्यांना जांभळा पुरेना. तुमच्याकडे त्या नमुन्याचा पुढचा भाग असेल तर पाठवा. तो उन्हानं फिका झाला असेल, म्हणूनच तुम्ही फक्त पाठ उसवून पाठवली, हे माझ्या लक्षात आलंय. फिका चालेल आता.

नाताळचं पण नाही म्हणून मेसेज आला. मी ठरवलंय, वाट बघायची नाही, पोस्टानं पाठवायचा. माप माझ्याकडे जुनं आहे, दीड वर्षापूर्वीचं. चार बोटं वाढवून धरलंय.

द्रौपदा


जळगाव
३ जानेवारी २०२५

सिस्टर,
जय जिनेंद्र.

फिका जांभळा सोबत आहे.

तुम्ही येऊ शकत नाही तर मी येते. रविवारी, १२ तारखेला. मननला सांगितलंय. सकाळच्या गाडीनं निघेन, बारापर्यंत पोचेन, सूर्यास्तानंतर जेवत नाही म्हणून दुपारीच जेवू, चारच्या गाडीनं परत. पत्ता पाकिटावर आहेच. तुमच्या हातचं जेवेन. जमिनीखालचं सोडून काहीही करा.

लाडकुंवर


धुळे
१४ जानेवारी २०२५

लाडकुंवरभाभी,

तुम्ही आल्या नाहीत.

मी वरण, भात, मेथीची भाजी, पोळ्या आणि शिरा केला होता. कांदा-लसूण-बटाटा घरातच ठेवला नव्हता. लोटनभाऊ बारा वाजता स्टँडवर जाऊन आले, परत दोनला गेले. त्यांनी मननच्या नंबरवर फोन लावला, कोणी उचलला नाही. चार वाजेपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसले होते. मला दार वाजलेलं ऐकू येत नाही म्हणून.

तब्येत बरी आहे ना, तेवढं कळवा.

द्रौपदा


जळगाव
१८ जानेवारी २०२५

सिस्टर,

तब्येत बरी आहे. तुम्हाला आणखी एक खोटं सांगणार होते, गुडघ्याचं. लिहिलं पण होतं, ते फाडलं.

मी निघाले होते. अमळनेरमार्गे जाणारी गाडी मिळाली. खिडकीजवळ बसले होते, मांडीवर तुमच्यासाठी घेतलेली शाल होती. अमळनेरपर्यंत ठीक होते. तिथं गाडी थांबली आणि माझ्या मनात आलं, आता दार उघडेल आणि भिंतीवर सुयशचा फोटो असेल. त्याला हार असेल. त्याच्यासमोर बसून मी जेवणार. बावीस वर्षांत ज्यांना पाणी विचारलं नाही त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला, आणि कधी, तर घर विकून गाव सोडताना. मला वाटलं, ही मी माझ्याच मनाला बरं वाटावं म्हणून चालले आहे. तुम्हाला त्यात काय मिळणार.

उतरले. दोन तास स्टँडवर बसले. मग जळगावची गाडी पकडली. मनन म्हणाला, लवकर आलीस. मी म्हटलं, हो. त्यानं त्याचा फोन माझ्याबरोबर दिला होता, तो पिशवीत वाजत होता, मी घेतला नाही.

तुम्ही कांदा-बटाटा घरात ठेवला नाही आणि दारात बसलात, हे वाचलं तेव्हाच गुडघ्याचं लिहिलेलं फाडलं.

परवा आम्ही निघतो. सुरतेचा पत्ता खाली देते. लिहावं वाटलं तर लिहा. नाही वाटलं तरी मी समजेन.

लाडकुंवर


धुळे
९ फेब्रुवारी २०२५

लाडकुंवरभाभी,
जय भीम.

पत्राला उत्तर द्यायचं नाही असं पंधरा दिवस ठरवलं होतं. मग वाटलं, लोकर तुमची आहे, तिचं काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

स्वेटर पूर्ण झाला. बाह्या कोपरापर्यंत गडद आणि पुढं फिक्या आहेत. लोटनभाऊंच्या मंडळींना ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं. मी दुरुस्त केलं नाही त्यांना. उलट्या बाजूला एकही गाठ नाही, प्रत्येक टोक आत विणून घेतलंय. परवा नांदेडला पाठवला. बरोबर साक्षीचं चित्र पण पाठवणार होते, पाकिटात घातलं आणि परत काढून घेतलं. माझ्याकडे तेवढंच आहे.

तुम्ही अमळनेरला का उतरलात ते कळलं. फोटोला हार आहे, बरोबर. पण मी तुम्हाला फोटोसमोर बसवणार नव्हते. मी सुयशच्या लहानपणचं बोलणार होते. त्याला लहानपणी बघितलेलं माझ्या ओळखीत आता कोणी उरलेलं नाही. कामिनीनं त्याला मोठाच पाहिला. इथल्या शेजाऱ्यांनी तर शेवटचेच दिवस पाहिले. तो तुमच्या दुकानात बसून गुंड्यांवरची लेबलं वाचून दाखवायचा, हे मी कोणाला सांगू. जेवणाचं मला काही नव्हतं.

सुरतेत सांभाळून राहा.

द्रौपदा


सुरत
७ मार्च २०२५

सिस्टर,
जय जिनेंद्र.

तुमचं पत्र पाच-सहा दिवस मी रोज काढून वाचत होते. मननची बायको विचारायची, मम्मीजी, काय झालं.

सुयशचं मला आठवतं ते लिहून काढते आहे. तो "लुधियाना" हा शब्द लेबलावर वाचून विचारायचा की तिथं सगळ्या मेंढ्या रंगीत असतात का. यांनी त्याला हो सांगितलं होतं. पुष्कळ दिवस त्याला ते खरं वाटत होतं. आणखी आठवलं की लिहीत जाईन. बसून बोलायचं ते कागदावर करते आहे, मला कळतं की ते तसं नाही.

इथं मी सहाव्या मजल्यावर आहे. खाली गेलं की सगळे गुजराती बोलतात, ते कळतं, पण मला ओळखणारं कोणी नाही. परवा एका गल्लीत लोकरीचं दुकान दिसलं. आत गेले. सिस्टर, पूर्ण भिंत साध्या रंगांची आहे. जांभळ्याच्या चार छटा. एक एक गुंडा देतात आणि भाव तुम्हाला परवडेल असा आहे. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मग पंधरा गुंडे घेतले, पंधरा रंग. वाटलं, साक्षी दुसरं चित्र काढेल. या वेळी नवी लोकर असेल, उसवलेली नाही. कोणते पाठवू ते सांगा, की सगळेच पाठवू?

तिला स्वेटर कसा बसला?

तुमची,
लाडकुंवर


धुळे
२७ मार्च २०२५

लाडकुंवरभाभी,
जय भीम.

रंगीत मेंढ्यांचं मला माहीत नव्हतं. तो मला कधी बोलला नाही. गौतमचंदजींनी सांगितलेलं म्हणून मनात ठेवलं असेल. मी ते तीन-चार वेळा वाचलं. आणखी आठवेल ते जरूर लिहा.

स्वेटरचं सांगते. पंधरा दिवसांपूर्वी लोटनभाऊंच्या फोनवर कामिनीनं फोटो पाठवला. स्वेटर त्या लहान मुलाच्या अंगात आहे, तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या मुलाच्या. अर्णव नाव त्याचं, पाच वर्षांचा आहे. त्याला जरा मोठा होतो, बाह्या दुमडल्या आहेत, म्हणून फिका भाग दिसत नाही. तो हसतोय आणि बकरीवर हात ठेवलाय. साक्षी त्याच्या मागे उभी आहे, शाळेच्या ड्रेसमध्ये. भाभी, ती कामिनीच्या खांद्याला लागते. मी चार बोटं धरली होती. लोटनभाऊंनी फोटो मोठा करून दाखवला तेव्हा आधी मी तिला ओळखलंच नाही. केस कापलेत.

खाली कामिनीनं लिहिलं होतं, "आई, साक्षीला गळ्यातून जात नाही. अर्णवला फार आवडला, काढूच देत नाही. तुम्हाला चालेल ना?"

मी लोटनभाऊंना सांगितलं, लिहा, चालेल. गार पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही. त्या पोराची काही चूक नाही. त्याला पण आजी नाही. आणि कामिनीनं विचारलं तरी. न विचारता घातला असता तर मी काय करणार होते.

मग मी आणखी लिहायला लावलं की साक्षीचं आत्ताचं माप पाठव. छाती, बाही, उंची. आणि तिला म्हणावं, दुसरं चित्र काढ. लोटनभाऊ म्हणतात, मेसेज वाचलेला आहे, फोनमध्ये तसं दिसतं. त्याला आज बारा दिवस झाले. मी रोज त्यांच्या दारात जाते, ते मान हलवतात. काल त्यांच्या मंडळींनी मला बघून दार लोटून घेतलं. त्यांचंही बरोबर आहे.

कामिनीला तिकडं घर करायचंय. साक्षीनं तिथल्या माणसाला पप्पा म्हणायचंय. मधे माझं चित्र, माझं माप, माझी लोकर कशाला पाहिजे. लग्न मी लावून दिलं तेव्हा हे मला कळायला पाहिजे होतं. नर्सला कळतं, बाळ द्यायचं तर नाळ कापावी लागते.

तुम्ही पंधरा गुंडे घेतलेत. मी इथूनच ते सगळे बघितले, जांभळ्याच्या चारही छटा. पण पाठवू नका. ज्याच्यासाठी विणावं असं माझ्याकडे कोणी नाही. सुई लागलेली नसली आणि लेबलं शाबूत असली तर दुकानदार परत घेतो. लवकर घेऊन जा, सीझन संपला की नाही म्हणेल.

तुमची,
द्रौपदा